फांदीवरचं भोक

आम्हा कवी लोकांचा भुंगा नेहमी फुलावर सापडतो. उर्दूतला परवाना जसा शमेभोवती, तसा मराठीतला भ्रमर कमळात. हा भुंगा फुलावर येण्याआधी कुठं होता, त्याचं बालपण कुठं गेलं, हे आम्ही कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आज ज्या किड्याची गोष्ट सांगायची आहे तो फुलावर फार तर काही आठवडे दिसतो. त्याआधी एक-दोन वर्षं तो लाकडाच्या आत, अंधारात असतो. आणि त्याच्या देशाचं सरकार त्याला ओळखतं ते फुलावरून नव्हे, फांदीवर त्यानं मागे ठेवलेल्या एका भोकावरून.

आधी एक घोळ मिटवतो. भुंगा वेगळा आणि भुंगेरा वेगळा. गुंगुं करत दाराच्या चौकटीला भोक पाडणारा तो काळा भुंगा म्हणजे मधमाशीचा नातेवाईक. भुंगेऱ्याच्या पाठीवर कठीण पंखांची एक जोडी ढालीसारखी मिटलेली असते, आणि उडायचे नाजूक पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. या भुंगेऱ्यांचं एक मोठं घराणं आहे लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांचं. जगात त्यांच्या ३५ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. शिंगं म्हणजे खरी शिंगं नव्हेत, त्या मिशा. काहींच्या मिशा अंगापेक्षाही लांब, मागे वळलेल्या.

हे घराणं तुम्हाला अगदीच अनोळखी नाही. कोकणात आंब्याला भिरूड लागतं म्हणतात, ते याच घराण्यातलं. माझ्या लहानपणी आमच्या मामूंच्या बागेत एका जुन्या कलमाच्या बुंध्याशी भुशाची रांगोळी पडलेली दिसली, की मामू सायकलच्या चाकाची तार घेऊन उकिडवे बसत. भोकात तार घालून फिरवत, अळी ओढून काढत, मग रॉकेलचा बोळा कोंबून वरून चिखलानं भोक लिंपत. अळी पांढरी, जाडजूड, बिनपायांची वाटावी अशी. तिचा पुढे भुंगेरा होतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मामूंच्या लेखी भोक म्हणजे शत्रूचा दरवाजा. माझ्याही लेखी तेच होतं.

या घराण्याची एक शाखा मात्र फुलांची शौकीन आहे. उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण जंगलांत तिचा पसारा मोठा. आंब्याचं भिरूड मोठं झाल्यावर कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतं. या शाखेतले बहुतेक भुंगेरे मोठे झाले की फुलांवर येतात, पराग खातात, मध चाटतात. त्यासाठी त्यांची अंगकाठीही वेगळी घडलेली आहे. डोकं पुढे काढलेलं, मान बारीक, खांदे रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं शरीर. अशी मान असली की अरुंद फुलात तोंड घालता येतं. अंगावरच्या लवेला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलावर जाऊन पडतात. लाकूड पोखरणाऱ्या अळीचा असा फुलवेडा प्रौढ व्हावा, ही गंमतच आहे.

या शाखेतला ज्याच्याबद्दल मी बोलतो आहे तो राहतो अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात. हे खोरं मुंबई ते नागपूर इतकं लांब. उत्तरेकडून सॅक्रामेंटो नदी येते, दक्षिणेकडून सॅन वॉकिन, आणि दोघी मिळून समुद्राकडे जातात. या नद्यांच्या काठानं एल्डरबेरी नावाचं मोठं झुडूप वाढतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला सायीच्या रंगाच्या बारीक फुलांचे पसरट झुबके येतात, नंतर निळ्या-काळ्या फळांचे घोस, वर द्राक्षावर असते तशी पांढुरकी राख. आमचा भुंगेरा या एका झुडपाचाच. दुसऱ्या झाडावर त्याचं पोट भरत नाही आणि वंशही वाढत नाही. त्याचं इंग्रजी नावच ‘व्हॅली एल्डरबेरी लाँगहॉर्न बीटल’, म्हणजे खोऱ्यातला, एल्डरबेरीवरचा, लांब शिंगांचा भुंगेरा. शास्त्रीय नाव डेस्मोसेरस कॅलिफॉर्निकस डायमॉर्फस. ते पाठ करायची गरज नाही. पण शेवटचा शब्द लक्षात ठेवा. डायमॉर्फस म्हणजे दोन रूपांचा. १९२१ साली फिशर या कीटकशास्त्रज्ञानं हे नाव दिलं, कारण यातले नर आणि मादी शेजारी ठेवले तर एका जातीचे वाटत नाहीत. नराची पाठ केशरी-तांबडी, तिच्यावर चार काळसर लांबट ठिपके. मादी गडद, हिरवट काळी झाक असलेली, तांबडी फक्त काठाला, साडीच्या किनारीसारखी. नराच्या मिशा जवळजवळ अंगाइतक्या लांब, मादीच्या आखूड. लांबी इंचाच्या आतबाहेर.

एल्डरबेरीच्या फांदीत लाकडाच्या आत भेंड असतं. बाशिंगासाठी आपण जे भेंड वापरतो, साधारण त्या जातीचं, मऊ, पांढरं, हलकं. हे भेंड सहज पोखरून निघतं, म्हणून कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी या फांदीची बासरी करत आले आहेत. फांदी उभी चिरून टाळीसारखं वाजवायचं वाद्यही ते याच लाकडाचं करतात. बासरीवाल्याला जे पोकळ करायचं असतं, नेमकं तेच आमच्या अळीला खायचं असतं.

मादी अंडी एकेक करून घालते, पानावर, देठाच्या बेचक्यात किंवा सालीच्या खाचेत. थोड्या दिवसांत अंडं फुटतं आणि बारीकशी अळी फांदीत शिरते. जमिनीलगत निदान इंचभर जाड असलेल्या फांद्याच तिला चालतात. त्याहून बारीक फांदीत भेंड पुरत नाही. मग वर्ष, दोन वर्षं ती आत बोगदा करत, भेंड खात राहते. बाहेर पानं येतात, गळतात, नदीला पूर येतो, ओसरतो. आत तिचा एकच ऋतू.

आता या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत आवडलेला भाग. प्रौढ भुंगेऱ्याला लाकूड कापून बाहेर पडणं अवघड जाईल, याची तरतूद अळी आधीच करून ठेवते. कोषात जाण्यापूर्वी ती फांदीच्या पृष्ठभागापर्यंत कुरतडत येते आणि बाहेर जायचं गोल भोक तयार करते. पण बाहेर पडत नाही. ते भोक भुशानं बुजवते, उलट्या पावली आत जाते आणि तिथल्या खोलीत कोषात झोपते. सुमारे महिन्याभरानं जागा होतो तो भुंगेरा. त्याला फक्त बूच ढकलायचं असतं. दरवाजा पाडला एकानं, वापरला दुसऱ्यानं, आणि दोघे एकच. भोकाचा व्यास सात ते दहा मिलिमीटर, कडा स्वच्छ, गोल किंवा किंचित लांबट.

बाहेर पडण्याची वेळही ठरलेली. मार्च ते जून, म्हणजे एल्डरबेरी फुलावर असते तेव्हा. प्रौढ तिची पानं खातो, फुलं खातो, जोडीदार शोधतो आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, संपतो. एल्डरबेरीच्या पानाफांद्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. ही पानं खाणाऱ्याच्या अंगावर असा भडक तांबडा रंग असावा, याचा अर्थ पक्ष्यांना दिलेली ताकीद असावी, असा जाणकारांचा तर्क आहे. मला तो पटतो. झुडपाच्या पांढऱ्या झुबक्यावर तांबडा कपडा घालून दिवसाढवळ्या बसणाऱ्याला काहीतरी आधार असणारच.

नर मादीला शोधतो कसा, हे कोडं अलीकडे सुटलं. मादी एक गंध सोडते. त्याचं रसायन २०१२ साली या भुंगेऱ्याच्या किनारपट्टीवरच्या भावकीत ओळखलं गेलं आणि तिच्या नावावरूनच त्याला डेस्मोलॅक्टोन म्हणतात. २०१४ साली दाखवून दिलं गेलं की खोऱ्यातल्या आपल्या भुंगेऱ्याचे नरही त्याच गंधामागे येतात. प्रयोगशाळेत बनवलेला तो गंध एका सापळ्यात ठेवला, की वाऱ्यावरून माग काढत नर येऊन हजर. नराच्या त्या लांब मिशा मिरवायला नाहीत, वास घ्यायला आहेत.

आता खोऱ्याकडे वळतो, कारण किड्याची गोष्ट तिथं माणसांच्या गोष्टीत गुंतते. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. लोंढेच्या लोंढे आले. नदीकाठचं जंगल आगबोटींच्या भट्ट्यांत, घरांत, कुंपणांत गेलं. डोंगरात पाण्याच्या प्रचंड झोतांनी टेकड्या फोडून सोनं काढण्याची रीत सुरू झाली. तो सगळा राडारोडा नद्यांत उतरला आणि त्यांची पात्रं वर आली. १८८४ साली न्यायालयानं राडारोडा नदीत सोडायला मनाई केली, पण आलेला गाळ कुठं जाणार? मग बांध घालताना ते पात्राला अगदी खेटून घातले, म्हणजे पाणी जोरात वाहील आणि गाळ ढकलून नेईल. बांधापलीकडची काळीभोर जमीन शेतीला मोकळी झाली. बदाम, अक्रोड, भात, पीच. आज जगाला बदाम पुरवणारं हे खोरं तेच. पण नदीकाठचं जंगल सुमारे ९० टक्के गेलं, आणि त्याबरोबर एल्डरबेरीही. जी उरली ती बहुतेक बांधाच्या उतारावर आणि बांध व नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत.

८ ऑगस्ट १९८० रोजी अमेरिकेनं आपल्या १९७३ च्या कायद्याखाली या भुंगेऱ्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं. तेव्हा तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागीच माहीत होता. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो, तिथल्या अमेरिकन नदीच्या काठी त्याच्यासाठी खास जागा राखल्या गेल्या. पण मग अडचण अशी आली, की ज्याला वाचवायचं तो दिसतच नाही. वर्षातले काही आठवडे, तेही मोजके. अळी फांदीत. फांदी चिरून बघावं तर जिला वाचवायचं तिचंच घर मोडलं.

तेव्हा सरकारनं भोक मोजायचं ठरवलं. रस्ता, पूल किंवा बांधाचं काम निघालं, की जाणकार माणूस प्रत्येक एल्डरबेरीशी उकिडवा बसतो. माझे मामू बसायचे तसाच. जमिनीलगत इंचाहून जाड फांद्या मोजतो, सालीवरून बोट फिरवतो, गोल भोक शोधतो. झुडूप हलवणं अटळ असेल तर ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, झुडूप निजलेलं असताना, मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायचं. शिवाय भरपाई म्हणून नवी रोपं लावायची. १९९९ च्या नियमांत याचं कोष्टकच होतं. नदीकाठच्या झुडपाची पाच इंच किंवा त्याहून जाड फांदी असेल आणि झुडपावर भोक नसेल, तर तिच्यापोटी चार रोपं. भोक असेल तर आठ. आमच्या गावात ज्या भोकात रॉकेलचा बोळा कोंबतात, तसल्या भोकामुळे तिथं रोपांचा आकडा दुप्पट व्हायचा. मामू असते तर म्हणाले असते, त्या लोकांना काम नाही. पुढे २०१७ मध्ये हे कोष्टक जाऊन नवी, जरा लवचीक पद्धत आली, पण भोकाचं महत्त्व काही गेलं नाही.

या पुराव्यात एक मेख आहे. भोक वर्षानुवर्षं फांदीवर राहतं. भुंगेरा निघून गेला, मेला, त्याचा वंश त्या काठावरून संपला, तरी भोक तिथंच. जुनं भोक एवढंच सांगतं, की इथं कुणीतरी राहत होतं. शिवाय किनाऱ्याकडच्या डोंगरांत याची ती भावकी राहते. तिची भोकं हुबेहूब अशीच, आणि तिच्या माद्याही जवळपास अशाच. फरक दिसतो तो नराच्या पाठीवर, आणि नर तर भेटत नाही. म्हणून दक्षिणेकडच्या जुन्या नोंदी नक्की कोणाच्या, हा वाद उभा राहिला.

त्याआधी एक मोठा वाद झाला होता, आणि तो शास्त्रज्ञांमधला नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये खोऱ्यात महापूर आला. फेदर नदीचा बांध आर्बोगा गावाजवळ फुटला. माणसं बळी गेली, घरं बुडाली, हजारोंना रातोरात हलवावं लागलं. त्या बांधाच्या दुरुस्तीची योजना आधीपासून होती, आणि त्याच कामात एल्डरबेरीच्या भरपाईचाही भाग होता. काही लोकप्रतिनिधींनी सरळ भुंगेऱ्याकडे बोट दाखवलं. एका किड्यासाठी बांध रखडला आणि माणसं बुडाली, असं ते म्हणाले. बांधाच्या कामांना या कायद्यातून सूट देणारं विधेयक त्याच वर्षी आलं. उलट बाजूनं सांगण्यात आलं, की काम रखडण्याचं कारण कायदा नव्हता. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. पण भुंगेऱ्याचं नाव खराब झालं ते झालंच.

ज्याचं माणूस पुरात गेलं त्याच्यासमोर उभं राहून किड्याची बाजू मांडायची माझी हिंमत नाही. आपणही २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरांच्या छपरापर्यंत आलेलं पाहिलं आहे. पण मला त्या वादात एक गोष्ट खटकते. बांध नदीला खेटून कुणी घातला, याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडे ज्याला निळी पूररेषा म्हणतात, तिच्या आतली जागा दीडशे वर्षांपूर्वी नदीकडून काढून घेतली गेली होती. एल्डरबेरी बांधावर चढून बसली, कारण तिला दुसरी जागाच उरली नव्हती. पाणीही त्याच कारणानं बांधावर चढत होतं.

पुढची हकिगत थोडक्यात. २००६ च्या सरकारी आढाव्यात नोंदी १९० च्या आसपास भरल्या, तेव्हा भुंगेऱ्याला यादीतून काढायची शिफारस झाली. २०१२ मध्ये तसा रीतसर प्रस्ताव आला. मग बाहेरच्या शास्त्रज्ञांनी तो तपासला आणि तोच जुना प्रश्न विचारला: नोंदी कशाच्या, भुंगेऱ्याच्या की भोकांच्या? आणि किती जुन्या भोकांच्या? २०१४ मध्ये सरकारनं प्रस्ताव मागे घेतला. भुंगेऱ्याचा मुलूखही कमी करून मांडला गेला, दक्षिणेकडचा संशयास्पद भाग वगळून. त्याच्या वाईटावर दुसरेही आलेले आहेत. अर्जेंटिनाहून आलेली एक मुंगी नदीकाठानं पसरते आहे, आणि तिच्यापासून त्याच्या अंड्यांना आणि कोवळ्या अळ्यांना धोका असल्याचं सांगतात. शिवाय हा भुंगेरा लांब उडणारा नाही. एका झुडपांच्या बेटातला वंश संपला, तर दूरच्या बेटातून कुणी येऊन ते पुन्हा वसवेल, ही शक्यता कमी. नुसती एल्डरबेरी लावून भागत नाही, ती जुन्या वस्तीच्या हाकेच्या अंतरावर लावावी लागते. कोष्टकातली आठ रोपं कुठं लावली, हा प्रश्न म्हणूनच आठ या आकड्यापेक्षा मोठा.

एक काम मात्र असं झालं, की ज्यात दोन्ही पक्षांना फारसं भांडता आलं नाही. फेदर नदीवर आणि तिला मिळणाऱ्या बेअर नदीवर, २००६ ते २०१० च्या दरम्यान, काही मैल जुना बांध सोडून नवा बांध नदीपासून बराच मागे बांधला. दोन बांधांमधली शेती नदीला परत दिली. पूर आला की पाणी तिथं पसरतं, त्याची उंची कमी होते आणि बांधावरचा भार हलका होतो. त्या मोकळ्या जमिनीवर नदीकाठची झाडं लावली, त्यांत एल्डरबेरीही. तसंच वरच्या अंगाला सॅक्रामेंटो नदीवर १९८९ साली झालेल्या अभयारण्यात घडलं. पुरात बुडणाऱ्या बदाम-अक्रोडांच्या बागा विकत घेऊन तिथं पुन्हा वाळुंज, कॉटनवूड आणि एल्डरबेरीचं रान उभं केलं आहे.

मार्च उजाडला की जाणकार मंडळी तिकडे फिरू लागतात. कुणाच्या हातात गंधाचा सापळा असतो, कुणाच्या नुसतीच वही. सायीच्या रंगाच्या झुबक्यावर तांबडा नर बसलेला दिसला तर तो दिवस सार्थकी लागला. पण बहुतेक दिवस तसे नसतात. मग ते झुडपाशी उकिडवे बसतात, फांदी हातात धरून हळूच फिरवतात आणि सालीवर बोटानं चाचपून बघतात, कुठं ताजा भुसा लागतो का.